मुंबई ते न्यूयॉर्क विमानाला खरंच किती तास लागतात, हिशोब असा करा

तिकिटावर मुंबई रात्री २ आणि न्यूयॉर्क सकाळी ८:३०, तारीख तीच, हे बघून घरातलं कुणीतरी म्हणतंच की अरे वा साडेसहा तासात अमेरिका! तसं नसतं हो. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. म्हणजे जूनचं तिकीट असेल तर साडेसहा अधिक साडेनऊ, झाले १६ तास. येताना उलटं, फरक वजा करायचा. रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी रात्री ९ ला मुंबई, दिसायला २४ तास पण खरे साडेचौदाच.

आता जाताना जास्त आणि येताना कमी का, तर वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम, तो येताना ढकलतो आणि जाताना आडवा येतो.

अंतर सरळ रेषेत साधारण १२,५०० किमी, पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, पृथ्वी गोल आहे त्यामुळे जवळचा रस्ता वर उत्तरेकडून ग्रीनलँडच्या बाजूने जातो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, लगेच कळतं, नाहीतर गूगल अर्थमध्ये मोजपट्टी आहेच. मग ९०० किमी ताशी वेगाने भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास टाका, साडेचौदाच्या आसपास येतं. बाकीचा फरक वाऱ्याचा आणि वळशाचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना त्यांची हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून निघणाऱ्यांचा वेळ असाच वाढला.

दुबईवरून गेलं तर लांब पडतं असं सगळ्यांना वाटतं, पण मुंबई-दुबई १,९०० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० धरा, म्हणजे जेमतेम ४०० किमी जास्त. वेळ खातो तो मधला थांबा. माझं मत, आई-बाबा पहिल्यांदाच जात असतील तर थेट विमानच घ्या, थोडे पैसे गेले तरी चालतील. थांबा घ्यायचाच तर तीन तास तरी ठेवा, दीड तासाचा स्वस्त दिसतो पण गेट सापडेपर्यंत घाम फुटतो.

आणि तारीख! १५ तारखेला रात्री २ चं विमान म्हणजे १४ च्या रात्री ११ ला एअरपोर्टवर, पुण्याहून निघणाऱ्यांनी १४ लाच संध्याकाळी ६ ला गाडी काढायची, एक्स्प्रेसवेवर घाटात अडकायचा वेळ त्यात धरून. कॅबवाल्याला सांगताना "१४ ची संध्याकाळ" असंच सांगा, नुसतं "१५ चं फ्लाइट" म्हणालात तर तो १५ ला संध्याकाळी दारात उभा राहील.