इंजिन न उतरवता कॅमशाफ्ट बदलताना चेन सांभाळा

कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याच्या टोकाचा स्प्रॉकेट (दातेरी चाक) काढला की त्याला क्रँकशी (इंजिनच्या मुख्य दांड्याशी) जोडणारी टायमिंग चेन ढिली पडते, तिला ताणून धरणारा टेन्शनर बाहेर येतो आणि पुढचं अख्खं कव्हर खोलावं लागतं. हेडवर (इंजिनच्या वरच्या भागात) कॅमशाफ्ट असलेल्या गाडीत हे टाळता येतं. यवतमाळकडच्या गावात इंजिन उचलायची चेनपुली नसेल, पण बाभळीचं लाकूड नक्की मिळेल.

१. टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढून क्रँक टायमिंगच्या खुणेवर आणा. चेनची कडी आणि तिच्याखालचा स्प्रॉकेटचा दात, दोन्हींवर नेलपॉलिश लावा.

२. चेनच्या दोन पदरांमध्ये वाळक्या लाकडाची गुळगुळीत पाचर घट्ट बसवा. तिला आधीच मजबूत दोरी बांधा, नाहीतर काढताना हाल होतात. चेन बाइंडिंग वायरने वर ओढून ठेवा. खालचं भोक चिंधीने बुजवा. कापूस नको, त्याचे तंतू तेलात जातात.

३. स्प्रॉकेट काढा. मग शाफ्ट धरून ठेवणाऱ्या कॅपचे सगळे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सोडा. एकाच बाजूने सोडले तर शाफ्ट तुटू शकतो. नवा शाफ्ट तेल लावून बसवा, बोल्ट तसेच हळूहळू आवळा आणि नेलपॉलिशच्या खुणा जुळवून स्प्रॉकेट परत लावा.

पाचर, वायर, चिंधी काढल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. स्प्रॉकेट आणि क्रँकच्या खुणा जुळल्या पाहिजेत. नेलपॉलिशची कडी मात्र पुढे सरकलेली दिसेल, ते बरोबरच आहे. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह वाकतो.