खोटी शिकवण की नुसता मतभेद? ओळखायचं कसं

एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा होतो, तर त्याच गावातली दुसरी मंडळी मोठ्या माणसांना नदीत बुडवून बाप्तिस्मा देते. एकीकडे आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या अन्य भाषांत प्रार्थना चालते, दुसरीकडे हातात छापील प्रार्थनापुस्तक असतं. हे पाहून काही विश्वासणारे प्रत्येक वेगळेपणाला ‘खोटी शिकवण’ म्हणून मोकळे होतात. काही जण ‘सगळं एकच’ म्हणत जे कानावर पडेल ते स्वीकारतात. दोन्हींत माणसं दुखावतात, म्हणून तपासायचं कसं ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: पूर्ण ऐका

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून कुणालाही पाखंडी ठरवू नका. अख्खं प्रवचन ऐका, जमल्यास त्या माणसालाच विचारा. बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचं वचन आधी उत्सुकतेने ऐकलं आणि मग ते रोज शास्त्रात शोधून पाहिलं (प्रेषितांची कृत्ये 17:11). तपासणी पौलाचीही झाली, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलेलं आहे. तेव्हा ‘पाळकसाहेबांना प्रश्न कसा विचारायचा’ हा संकोच सोडा.

दुसरी पायरी: गाभ्याशी ताडून पाहा

ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला, हे आपण ‘मुख्य गोष्ट’ म्हणून सांगितलं, असं पौल म्हणतो (1 करिंथ 15:3-4). येशू कोण आणि त्याने काय केलं, इथे हात लागला तर तो साधा मतभेद राहत नाही.

आलेक्सांद्रियाच्या अरियस या धर्मगुरूचं उदाहरण घ्या. पुत्र, म्हणजे येशू, थोर आहे, पण निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा एक काळ होता, असं तो शिकवत असे. तो शास्त्रवचनांचे दाखलेही देत असे, म्हणून नुसतं ‘वचनातून बोलतो’ एवढ्यावर कुणावर विसंबू नका. पुत्र जर निर्मिती असेल, तर आपल्याला तारायला देव स्वतः आलाच नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून इ.स. 325 मध्ये नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ती शिकवण नाकारली. तिथल्या मतांगीकाराला, म्हणजे विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीला, 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आणखी पूर्ण रूप मिळालं. आज वसईचे कॅथलिक आणि नगरचे प्रोटेस्टंट कितीतरी बाबतींत वेगळे आहेत, पण हा मतांगीकार दोघांचाही आहे. तो समोर ठेवा आणि नवी शिकवण यातलं काय नाकारते ते पाहा. काहीच नाकारत नसेल, तरी पुढची पायरी गाळू नका.

तिसरी पायरी: त्या गोष्टीवर भार किती टाकलाय?

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात कुणी विशिष्ट दिवस पाळतो, कुणी सगळे दिवस सारखे मानतो, आणि पौल म्हणतो की एकमेकांना दोष लावू नका. तोच पौल गलतीकरांना, म्हणजे गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना, मात्र कळवळून लिहितो की तुम्ही दिवस, महिने, ऋतू पाळता, माझे श्रम वाया गेले की काय अशी मला भीती वाटते (4:10-11). सुंतेचंही तसंच. आपला सहकारी तीमथ्य याची सुंता त्याने स्वतः करवली (प्रेषितांची कृत्ये 16:3), पण दुसरा सहकारी तीत याची सुंता करण्याच्या दबावापुढे तो तसूभर हलला नाही (गलती 2:3-5). कृती तीच होती, पण गलतीयात ती तारणाची अट झाली होती.

आता हे आपल्याकडे लावून पाहा. एखादी बहीण साधेपणासाठी दागिने घालत नसेल, तर तिचा आदर करा. पण ‘मंगळसूत्र उतरवल्याशिवाय तारण नाही’ असं कुणी म्हटलं की तीच गलतीकरांची चूक झाली. बाप्तिस्म्याच्या पद्धतीवर शतकानुशतकं वाद आहे. तरी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट एका छताखाली आले. दोन्ही पद्धती तिथे मान्य आहेत.

चौथी पायरी: ऐकणाऱ्याचं काय होतं ते पाहा

‘विश्वास खरा असेल तर आजार राहणारच नाही’ हे वाक्य ऐकून माझ्या ओळखीतल्या एका मावशींनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. तब्येत ढासळली, आणि वर आपलाच विश्वास कमी पडला म्हणून त्या रडत बसल्या. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, मीही करतो. पण पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारीच सोडलं (2 तीमथ्य 4:20) आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23). या वचनांना जागा नसलेली शिकवण अपुरी नाही, ती खोटी आहे. बरं होण्यासाठी ‘बी पेरा’ म्हणून पैसे मागितले जात असतील, तर तिथून उठून या. प्रभूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्यांसाठी मार्क 13:32 पुरे आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या हजारो अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ला वाट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी ते उद्ध्वस्त मनाने घरी परतले.

पाचवी पायरी: आधी एकट्याला गाठा

चुकणारा प्रत्येक जण खोटा शिक्षक नसतो. अपुल्लो इफिसात आवेशाने शिकवत होता, पण त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, पश्चात्तापाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभेत उभं करून खोडून काढलं नाही. त्याला जवळ घेऊन त्यांनी देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (प्रेषितांची कृत्ये 18:26). तुम्हीही घरी चहाला बोलवा आणि वचन उघडून बसा. समजावूनही माणूस गाभाच नाकारत राहिला आणि इतरांना ओढू लागला, तर मंडळीच्या वडीलजनांना स्पष्ट सांगा, आडून कुजबुजू नका.

अपुल्लोने ऐकलं. तो अखयाला निघाला तेव्हा बंधूंनी तिथल्या शिष्यांना लिहून कळवलं की त्याचं स्वागत करा.