गुडघा दुखतोय म्हणून गुडघ्यालाच तेल लावू नका, पळणाऱ्यांनी आधी खुबे मजबूत करा

बडोद्यात थंडी पडली की मॅरेथॉनवाले बाहेर पडतात आणि महिन्याभरात अर्धे जण गुडघ्याला पट्टा बांधून कमाटीबागेत चालताना दिसतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा वाटीच्या मागे दुखतंय, आणि इलाज सगळा गुडघ्यावरच चाललाय, स्प्रे काय, शेक काय, नवीन बूट काय. पण पळताना आपण एका वेळी एकाच पायावर असतो, आणि त्या एका पायावर शरीराच्या दुप्पट-तिप्पट वजन येतं. तेव्हा कंबर आडवी सरळ धरून ठेवायचं काम खुब्याच्या बाजूचे स्नायू करतात (मुख्य म्हणजे ग्लूट मीडियस). ते दमले की दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाते, मांडी आत वळते, आणि भोगतो कोण तर मधला गुडघा.

आधी तपासून घ्या. अंगाला बसणारी शॉर्ट्स घाला, घरातल्या कोणाला तरी मागे मोबाईल घेऊन उभं करा आणि एका पायावर उभं राहून पाच-सहा वेळा हळू अर्धवट बसा. मग व्हिडिओत फक्त शॉर्ट्सचं इलॅस्टिक बघा, ते आडवं राहतंय का उचललेल्या पायाकडे कलतंय, आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय का आत अंगठ्याकडे पळतोय. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा ढिला निघतो, म्हणून पुढचे सगळे व्यायाम ढिल्या पायापासून सुरू करायचे.

पहिला ब्रिज. उताणं झोपा, गुडघे वाकवून टाचा जमिनीवर, कुल्ले आवळून कंबर वर, दोन-तीन सेकंद थांबा, हळू खाली. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा अजून जवळ घ्या. दोन्ही पायांनी बारा सहज व्हायला लागले की एका पायावर.

दुसरा, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. दिसायला सोपा, पण दहातले नऊ जण चुकीचा करतात. भिंतीला पाठ लावून झोपा, वरच्या पायाची टाच भिंतीला घासत वर न्या, पायाची बोटं समोर किंवा किंचित खाली. बोटं छताकडे गेली की मांडीच्या पुढचे स्नायू काम करतात आणि ज्याच्यासाठी झोपलात तो मजेत असतो. हातभर उचललं तरी पुष्कळ. यूट्यूबवर सगळीकडे दिसणारा तो क्लॅमशेल (कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडायचा) सुरुवातीला ठीक आहे, पण पुढे दोन वर्षं तोच करत बसणारे बघितलेत, त्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा, स्टेप-डाऊन. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, हा सोडू नका. घराच्या ओटल्याची पायरी चालेल, वीतभर उंची बास, त्याहून कमी असली तरी हरकत नाही. पायरीच्या कडेला एका पायावर उभे राहा, दुसरा पाय हवेत, आणि तीन-चार सेकंद घेत गुडघा वाकवून हवेतल्या पायाची टाच जमिनीला नुसती टेकवा, वजन टाकायचं नाही, आणि परत वर. कंबर कलली किंवा गुडघा आत गेला तर तो मोजायचा नाही. उतरताना घाई करू नका, सगळी कमाई उतरण्यातच आहे, कारण पळतानाही पाय पडतो तेव्हा हे स्नायू असंच लांबत लांबत ब्रेक लावतात. तोल जात असेल तर भिंतीला एक बोट लावा.

याच्याबरोबर साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर टेकून कंबर वर उचलून धरायची, जमत नसेल तर गुडघे टेकून), आणि एका पायावर पुढे वाकायचं डेडलिफ्ट, हातात पाच किलो तांदळाची पिशवी धरून, पाठ सरळ.

जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात बैठकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही, जरूर मारा, पण बैठक दोन पायांवर असते त्यामुळे कच्चा पाय पक्क्याच्या आड लपतो.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येक पायाला आठ ते बारा, दोन-तीन सेट. सेट संपताना अजून दोन-तीनच निघतील असं वाटलं पाहिजे, गप्पा मारत वीस होत असतील तर वजन वाढवा. रविवारी लांब पळायचं असेल तर शनिवारी हे नको. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे जानेवारीच्या रेससाठी दिवाळीनंतर लगेच सुरुवात करायला हवी.

नवरात्रीत गरबा खेळतो तेव्हा होतोच की व्यायाम, असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. अहो, तासन् तास अनवाणी, एकाच दिशेने गोल फिरणं हा खुब्यांवरचा भार आहे, तो पळण्याच्या हिशोबात धरा आणि त्या नऊ दिवसांत किलोमीटर कमी करा. पोलो ग्राउंडला चकरा मारणाऱ्यांनीही मधून मधून उलट्या दिशेने पळावं. आणि खुबे कितीही मजबूत केले तरी पाचवरून एकदम पंधरा किलोमीटरवर उडी मारली तर काहीतरी दुखणारच. पावलं थोडी छोटी आणि जलद टाका, मिनिटाला आहेत त्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त, खुबा आणि गुडघा दोघांवरचा भार कमी होतो.

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गायब, तर चालू ठेवा. पण जांघेत खोल दुखतंय, एका पायावर उडी मारली की कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं किंवा लंगडायला होतंय, तर व्यायामही बंद, पळणंही बंद, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा. खुब्याच्या हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीला एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला म्हणून लगेच बूट चढवू नका, एमआरआय करायला हवा का ते डॉक्टरांना तिथेच विचारून घ्या.