नारळाखाली पडलेलं जाळू नका: सोडणांचं आळं, झाप आणि खराटा

दिवाळीनंतर कोकणातल्या गावागावांत सकाळच्या वेळी वाड्यांमधून धूर निघताना दिसतो. पावसाळाभर पडून राहिलेल्या झावळ्या आणि नारळ सोलून साठलेली सोडणं एका कोपऱ्यात ओढून पेटवलेली असतात. आवार लख्ख होतं. मग काही दिवसांनी त्याच घरातलं कोणीतरी बाजारातून खराटा, ताडपत्री आणि कुंड्यांसाठी कोकोपीटची, म्हणजे सोडणाच्याच भुशाची, वीट विकत आणतं. हे मला फार खुपतं. या तिन्हींचं काम करणारा माल त्या ढिगातच होता.

चांगला वाढलेला माड साधारण महिन्याला एक झावळी टाकतो. उंच जातीच्या माडाची झावळी पाच-सहा मीटर लांब असते आणि तिला दोनशेच्या वर पाती असतात. दारात दहा माड असले तर वर्षाला शंभरावर झावळ्या हाताशी येतात. शिवाय घरात नारळ सोलला जातो तेवढी सोडणं. खालची कामं कोयता, टिकाव आणि सुंभ एवढ्यावर होतात, आणि घरातल्या मुलांनाही सोबत घेता येतं.

सोडणांचं आळं

या सगळ्यांत मोठा फायदा याचा आहे, म्हणून सुरुवात इथून करा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. कातळावरची माती पातळ, किनाऱ्यालगतची पुळण तर नुसती वाळू. दोन्हींत पाणी ठरत नाही. मार्च उजाडला की विहिरीचं पाणी खाली जातं आणि शिंपण्याची ओढाताण सुरू होते. सोडणाच्या धाग्यांमध्ये जो तांबूस भुसा असतो, तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. सोडणात पालाशही (पोटॅश) भरपूर असतं, ते पावसाबरोबर हळूहळू सुटून मुळांना मिळतं. जाळल्यावर राखेत पालाश उरतं हे खरं, पण पाणी धरणारा भुसा गेला तो गेलाच.

सोडणं वापरायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींत ती ठेवायची बाजू वेगळी आहे. गोंधळ होतो तो इथेच.

पहिली पद्धत आच्छादनाची. ऑक्टोबरात पाऊस सरला, पण जमीन अजून ओली आहे, अशा वेळी माडाभोवतीचं गवत काढून घ्या. बुंध्यालगत हातभर जागा मोकळी सोडा आणि तिथून दोन मीटरपर्यंत गोल सोडणं पालथी मांडत जा, फुगीर बाजू वर. माडाची बहुतेक कामाची मुळं याच परिघात असतात. पालथं सोडण जमिनीवर सावली धरतं, तण दाबतं आणि त्यात पाणी साचत नाही. उताणी ठेवलीत तर एखाद्या अवकाळी सरीनंतर प्रत्येकात डासांची पैदास होईल, आणि डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. सोडणं कमी असतील तर एकाच माडाखाली नीट दाट थर द्या. पाच माडांखाली विरळ पसरून काही साधत नाही.

दुसरी पद्धत चराची, आणि ती पावसाच्या तोंडावर करायची. बुंध्यापासून दोन मीटरवर अर्धगोल चर खणा, अर्धा मीटर रुंद आणि तेवढाच खोल. उरलेला अर्धा पुढच्या वर्षी खणा, म्हणजे सगळीकडची मुळं एकदम तुटत नाहीत. आत सोडणं उताणी, पोकळ बाजू वर करून दाटीने बसवा. त्यावर चार बोटं माती, पुन्हा सोडणं, पुन्हा माती, असं करत चर भरा आणि शेवटचा थर मातीचा ठेवा. पहिल्या पावसात सोडणं भिजून फुगतात. असा भरलेला चर पाच ते सात वर्षं काम देतो.

दोन्हींत निवड करायची तर पुळणीच्या जमिनीत चराची मेहनत जरूर घ्या, तिथे फरक ठळक दिसतो. कातळ लगेच लागत असेल तर खणण्याचा हट्ट धरू नका, आच्छादन पुरे. पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, मुळं अगदी वरवर असतात, त्यामुळे पोफळीभोवती चर खणूच नका. आच्छादन मात्र तिला फार मानवतं. केळ, मोगरा, अबोली यांच्या आळ्यातही सोडणं पालथी घालता येतात.

इथे दोन धोके आहेत आणि ते गांभीर्याने घ्यायला हवेत. सोडणांखाली विंचू आणि फुरसं हा विषारी साप लपून बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं भरपूर, आणि ते मातीच्या रंगात दिसतही नाही. थर हलवताना आधी काठीने उलथा, पायात बूट घाला, घराच्या भिंतीलगत ढीग करू नका. दंश झालाच तर मुळी बांधण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नका. तडक रुग्णालय गाठा, विषावरची लस तिथेच मिळते.

दुसरा धोका गेंड्या भुंग्याचा. हा भुंगा कुजत्या शेणखतात आणि माडाच्या कुजत्या खोडात अंडी घालतो, आणि मोठा झाला की माडाचा कोंब पोखरतो. म्हणून सोडणं शेणाच्या ढिगात मिसळून वर्षानुवर्षं पडून ठेवू नका. वादळात माड पडला तर त्याचं खोड वाडीत कुजू देऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा पडलेली खोडं उचलणं हेच मोठं काम होऊन बसलं होतं. खताच्या खड्ड्यात जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून मारा. कोंबातली नवी झावळी कातरीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसली तर समजा भुंगा वर पोचला आहे. अशा वेळी रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात विचारावं. ते १९५५ पासून आहे आणि आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे.

झाप

झाप म्हणजे झावळीच्या पाती एकमेकींत विणून केलेला आडोसा. एप्रिल-मे हा तो विणायचा हंगाम. पडवीत येणारी पावसाची झड अडवायला, मांगराच्या (वाडीतल्या खोपीच्या) उघड्या बाजूला, कोवळ्या रोपांवर सावली धरायला झापासारखं दुसरं काही नाही. ताडपत्री वाऱ्याने फडफडत राहते, तिच्याआड कोंदट होतं. झापातून वारा जातो, पाणी मात्र पातींवरून निथळून खाली उतरतं.

१. झावळी आपणहून पडलेली घ्या, फार तर खालची पिवळी पडलेली. हिरवी तोडू नका. पानं कमी झाली की माडाचं उत्पन्न घटतं, आणि ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. हिरवी झावळी घरावर किंवा विजेच्या तारेवर येते म्हणून तोडावीच लागली, तर मीटरभराहून जास्त दांडा झाडाला राहू द्या.

२. बुडाकडचा जाड भाग आणि शेंड्याचा बारीक भाग छाटा. शेंड्याकडून दांड्याच्या मधोमध कोयत्याची चीर द्या आणि दोन बाजूंना ओढत झावळी उभी फाडा. एका झावळीचे दोन झाप होतात.

३. दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घाला, वर दगड ठेवा. पात बोटाभोवती गुंडाळली आणि मोडली नाही की माल तयार.

४. अर्धी झावळी जमिनीवर पसरा, दांडा तुमच्याकडे, पाती पुढे. पाती मुळातच शेंड्याच्या दिशेने कललेल्या असतात. बुडाकडून सुरुवात करा: एक पात तशीच राहू द्या, दुसरी उलट, बुडाच्या दिशेला वळवा आणि वाटेतल्या सरळ पातींच्या एकीवरून, एकीखालून ओवा. मग पुन्हा एक सोडून पुढची. पहिल्या वीतभर विणीत गडबड वाटेल, नंतर हाताला चाल सापडते. पाती दांड्याजवळ घट्ट ओढत राहा. तिथे सैल राहिलं की अख्खा झाप सैल होतो.

५. शेवटी मोकळी टोकं दोन-तीन एकत्र घेऊन कडेने वेणी घालत जा आणि अखेरीस गाठ मारा. सपाट जागेवर वर दगड ठेवून सावलीत वाळवा. उन्हात टाकला तर झाप वाकतो.

६. बांधताना खालून वर जा. पहिला झाप सर्वांत खाली, दांडा आडवा आणि वरच्या कडेला. पुढचा त्याच्यावर निम्मा चढवून, कौलांच्या ओळी लावतात तसा. सुंभाने बांबूला दर हातभरावर बांधा. उलट्या क्रमाने बांधलेला आडोसा गळतोच, मग विण कितीही सुबक असो.

बाहेरच्या तोंडाला लावलेला झाप एक पावसाळा निभावतो. चुलीजवळ आणि विजेच्या वायरीजवळ लावू नका, सुका झाप क्षणात पेटतो.

खराटा

फाटलेल्या, झापाला न चालणाऱ्या झावळ्या यासाठी ठेवा. प्रत्येक पातीच्या मधली शीर म्हणजे हीर. पात बुडाशी धरून चाकूने दोन्ही बाजूंची पानं तासून काढा. पूर्ण सुकलेल्या पातीचे हीर तटकन मोडतात, पिवळ्या झावळीचे लवचीक निघतात. हीर दोन दिवस उन्हात वाळवा, जाड टोकं एका बाजूला घेऊन मुठीत जेमतेम मावेल एवढी जुडी करा आणि ती दगडावर ठोकून बूड सारखं करा. सुंभ ओला करून घट्ट गुंडाळा. वाळल्यावर तो आणखी आवळतो. शेवटी बुडातून लाकडाची पाचर मधोमध ठोका. काही महिन्यांनी खराटा सैल झाला तर नवी जाड पाचर घाला. बहुतेक खराटे झिजण्याआधी सैल होऊन टाकले जातात.

राहिलेला भुसा

सोडण भिजवून लाकडी दांड्याने ठेचलं की काथ्या आणि भुसा वेगळा होतो. काथ्याने भांडी घासा. भुसा रोपांसाठी ठेवा, पण ताजा वापरू नका; त्यातला तुरट अंश कोवळ्या मुळांना बाधतो, आणि खाडीच्या पाण्यात भिजवलेला असेल तर मीठही असतं. गोड्या पाण्यात भिजवा, लालसर पाणी ओतून द्या, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत हेच करा. मग एक भाग भुसा, एक भाग तांबडी माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत मिसळा. आपली तांबडी माती कुंडीत दगडासारखी घट्ट बसते, या मिश्रणात ती मोकळी राहते. मेच्या अखेरीस मिरची-वांग्याचं बी यात टाका, करवंटीला खाली भोक पाडून तीच कुंडी करा. बाकीच्या करवंट्या पाऊस सुरू होण्याआधी पालथ्या घाला.