लडाखला कॅम्पर व्हॅन नेताय? हीटर आणि गरम पाण्याचं आधी ठरवा

व्हॅनमध्ये विजेचा रूम हीटर लावायचा विचार सोडून द्या. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरीत जेमतेम १.२ युनिट वीज मावते; हजार वॅटचा हीटर ती तासाभरात संपवतो. गॅसचंही थंडीत खरं नसतं. सिलिंडरमधल्या ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही, त्यामुळे ऐन पहाटे शेगडी मंदावते.

माझं मत डिझेल हीटरला. इंधन गाडीच्याच टाकीतून घेता येतं आणि वीज लागते ती मुख्यतः सुरू होताना, नंतर फक्त पंख्यापुरती. मात्र लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत डिझेल नीट जळत नाही, आत काजळी धरते. म्हणून उंचीप्रमाणे इंधन कमी करणारी सोय असलेलंच मॉडेल घ्या. हिवाळ्यात जाणार असाल तर टाकीत तिथलं विंटर डिझेल भरा, साधं डिझेल गोठतं.

गरम पाण्यासाठी वेगळा गिझर कशाला? इंजिनाच्या कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या उष्णतेवर चालणारी छोटी इन्सुलेटेड टाकी बसवा. दिवसभर गाडी चालली की मुक्कामाला अंघोळीचं पाणी तयार. मुक्काम हलणारच नसेल, तर हवा आणि पाणी दोन्ही तापवणारा डिझेल हीटर बघा. महाग पडतो, पण सोयीचा.

आणि एक अगदी कळकळीने सांगते: ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपू नका. त्यातून बंद व्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, आणि त्याला वास नसतो. हीटरचा धूर बाहेरच जातोय ना, हे तपासा आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.