कात्रणातल्या शास्त्रज्ञाचं काम घरबसल्या कसं तपासायचं

पिंपळगाव बसवंतला माझा धाकटा भाऊ द्राक्षबाग करतो. त्याला सीएमएल आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग. रोज रात्री जेवणासोबत त्यावरच्या इमॅटिनिब या औषधाची गोळी घेतो. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत शेजारच्या बागवाल्यानं त्याच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं. रक्ताच्या कर्करोगावर कुणा शास्त्रज्ञाचं नवं संशोधन, जगभरात हजारो सायटेशन (म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी आपल्या लेखांत केलेले उल्लेख), असा मजकूर. रात्री भावाचा फोन आला. "ताई, हा माणूस खरंच एवढा मोठा आहे का? गोळी बदलायची का?"

मी नाशिकच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. बढतीच्या अर्जांतले सायटेशनचे आकडे पडताळायला माझ्याच टेबलावर यायचे. त्या सवयीनं मी असं कात्रण कसं तपासते ते लिहिते. तासाभराचं काम आहे, मोबाइलवरही होतं. त्याआधी एक: कात्रण वाचून चालू औषध एक दिवसही थांबवू नका.

सुरुवात नावापासून. 'एस. पाटील' शोधलंत तर शेकडो पाटील निघतील, आणि त्यात ऊस संशोधकही असतील. म्हणून नावाबरोबर संस्था आणि आजाराचं नाव टाका. गूगल स्कॉलरवर आकडे मिळतात, पबमेडवर फक्त वैद्यकीय आणि जीवशास्त्राचे पेपर, म्हणजे शोधनिबंध. या दोन्ही वेबसाइट फुकट आहेत.

मग एच-इंडेक्स दिसेल. तो २० असेल तर त्या व्यक्तीच्या किमान २० पेपरचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झाला आहे. हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली ही मोजणी सुचवली. हा आकडा कधी उतरत नाही, वयाबरोबर चढतच जातो, आणि पेपरमध्ये माणसाचा वाटा किती होता ते त्यातून कळत नाही. औषधांच्या मोठ्या चाचण्यांच्या पेपरवर लेखकांची पलटणच असते. त्यात सहसा पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं असतं. आपला माणूस मधे कुठे सतराव्या जागी आहे का, ते बघा. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती उल्लेख मिळतात तो आकडा, जर्नलचा असतो, माणसाचा नव्हे. तो सोडून द्या.

आता खरं काम. सर्वाधिक उल्लेख झालेला एक पेपर निवडा, त्याखालच्या सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारा आणि त्याचा उल्लेख करणारे पाच-सहा पेपर उघडा. उल्लेख कुठे आहे? प्रस्तावनेत एका ओळीत दहा नावांबरोबर आला असेल तर तो रिवाज. 'या निष्कर्षावरून आम्ही पुढची चाचणी आखली' असं असेल तर तो पाया. उल्लेख करणारे त्याच प्रयोगशाळेतले आहेत की दुसऱ्या देशातले, तेही पाहा. माझा निम्मा वेळ इथेच जातो आणि तो मला कधी वाया गेल्यासारखा वाटत नाही.

पायाचं काम कसं दिसतं हे मी भावाच्याच गोळीवरून शिकले. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते आखूड का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं: ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले होते. गुणसूत्रांचे फोटो त्या घरी जेवणाच्या टेबलावर कापून जुळवत बसायच्या. या अदलाबदलीतून तयार होणारं बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन पेशींना सतत वाढण्याचा हुकूम देत राहतं, आणि इमॅटिनिब नेमकं तेच थोपवतं. २००१ साली ब्रायन ड्रुकर आणि सहकाऱ्यांनी पहिल्या चाचणीचे निकाल छापले. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांची रक्ततपासणी पूर्ववत झाली होती. आखूड गुणसूत्रापासून इथवर ४१ वर्षं गेली. राउलींचं काम १९७५ साली कुणी फक्त आकड्यांवर तोललं असतं तर त्याच्या हाती काय लागलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून मी नव्या शास्त्रज्ञाला आकडा लहान म्हणून कधी मोडीत काढत नाही.

पुढे पेपरचा सारांश उघडून प्रयोग कशावर झाला ते शोधा: काचपात्रातल्या पेशी, उंदीर, की माणसं? माणसांवर झाला असेल तर किती जण आणि किती काळ? भारतातली चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर तिची नोंद हवी. जून २००९ पासून ती सक्तीची आहे.

शेवटी, ते औषध आपल्यासारख्यांच्या घरात पोचलं का? हा निकष मला सगळ्यात जवळचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी एपीएल या तीव्र रक्तकर्करोगाच्या ७२ नव्या रुग्णांना फक्त आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिलं. ८६ टक्के रुग्णांमध्ये आजार पूर्ण आटोक्यात आला. २००६ चा हा पेपर आहे. महागडी केमोथेरपी न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी त्याचं मोल कुठल्याही निर्देशांकात बसणार नाही. इमॅटिनिबचंही तसंच. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ग्लिव्हेकच्या (मूळ कंपनीच्या इमॅटिनिबच्या) पेटंटचा दावा फेटाळला आणि आपल्याकडच्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. भाऊ तीच गोळी घेतो.

त्या कात्रणाचं मी हेच सगळं केलं. काम प्रामाणिक होतं, पण उंदरांवरचं. माणसांवरच्या चाचणीची नोंद कुठेच सापडली नाही. भावाला तसं सांगितलं. कात्रण त्याच्या फाइलमध्ये बीसीआर-एबीएलच्या रिपोर्टमागे लावलं आणि पाठीवर दोन प्रश्न लिहिले. पुढच्या महिन्यात पंचवटी एक्सप्रेसनं परळला जाईल तेव्हा डॉक्टरांना विचारायचे: "हे माझ्या प्रकारच्या आजारावर आहे का?" आणि "माणसांवर चाचणी सुरू झाली, तर आम्हाला कसं कळेल?"