दगडफूल ओळखताना या चुका टाळा

नावात दगड असला तरी महाबळेश्वरच्या रानात दगडफूल शोधायचं तर आधी झाडांच्या सालीकडे बघा. गोड्या मसाल्यातलं ते राखाडी, कुरकुरीत पान म्हणजे पार्मोट्रेमा वंशातलं लायकेन, बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार. वाण्याच्या पुडीत बहुधा दोन-चार जाती मिसळलेल्या असतात. त्यामुळे 'दगडफूल' लिहून ठेवलंत तर जात काही कळणार नाही.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. पावसात भिजलं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल हिरवंगार दिसतं. डिसेंबरात तेच राखाडी. एकाच अंजनीच्या झाडावरचं एकच लायकेन मी वहीत दोन जाती म्हणून नोंदवलं होतं!

१० पट भिंगाने कडा बघा. पार्मोट्रेमाच्या टिंक्टोरम या जातीच्या पृष्ठभागावर बारीक बोटांसारखे उंचवटे असतात आणि कडेला केस नसतात. पर्लाटम आणि रेटिक्युलेटम या दुसऱ्या दोन जातींच्या कडेला पापण्यांसारखे काळे केस, शिवाय पिठासारखी भुकटी. बोट फिरवलं की ती बोटाला लागते. रेटिक्युलेटमवर मात्र बारीक भेगांची जाळीही दिसते.

सगळ्यात जास्त घोळ होतो रसायनांच्या चाचणीत. कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणाचा थेंब थेट वरून टाकला की तिन्ही जाती पिवळ्या होतात, कारण लायकेनच्या वरच्या थरातलं अ‍ॅट्रॅनोरिन हे रसायन तिघींत आहे. ब्लेडने हा वरचा थर हलकेच खरवडा, आतला पांढरा गाभा उघडा करा आणि मग थेंब टाका. रेटिक्युलेटमचा गाभा आधी पिवळा, मग बघता बघता रक्तासारखा लाल होतो. पर्लाटमचा पिवळ्यावरून नारिंगीपर्यंतच जातो. ब्लीचचा थेंब टाकल्यावर लगेच लाल झाला तर टिंक्टोरम. काहीच झालं नाही, तर आधी ब्लीचवर शंका घ्या: उघडलेल्या बाटलीतल्या ब्लीचचा जोर हळूहळू जातो. खात्रीचा टिंक्टोरमचा तुकडा जवळ ठेवा आणि आधी त्यावर थेंब टाकून बघा. पोटॅश कातडी भाजतं, हातमोजे घाला. चाचणी केलेला तुकडा अर्थातच मसाल्यात नको.

झाड वाळतंय म्हणून लायकेन खरवडून काढू नका. ते सालीवर फक्त बसतं, रस शोषत नाही, आणि वाढतंही वर्षाला काही मिलिमीटर. वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडू नका. परवानगी असली तरी नखाएवढा तुकडा पुरतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर दोन दिवसांत बुरशी येईल, म्हणून कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर झाडाचं नाव, उंची, तारीख तिथेच उभं राहून लिहा.